गिटारवर चित्र काढून घेताय? आधी आवाज, रंग आणि हक्क यांचं गणित समजून घ्या

काळी किंवा लाकडी रंगाची गिटार सगळ्यांकडेच असते. म्हणून अनेक जण चित्रकाराला गाठून आपल्या गिटारवर हवं ते डिझाइन रंगवून घेतात. पण वाद्य म्हणजे कॅनव्हास नाही. रंग चुकला तर चित्रही जातं आणि कधी कधी आवाजही.

ही हौस आली कुठून?

१९६७ हे या हौसेचं गाजलेलं वर्ष. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने आपली फेंडर स्ट्रॅटोकास्टर स्वतः भडक डे-ग्लो रंगांनी रंगवली. त्यात पत्नी पॅटी बॉइडचं नेलपॉलिशही वापरलं. या गिटारचं नाव 'रॉकी'. त्याच वर्षी एरिक क्लॅप्टनची गिब्सन एसजी 'द फूल' या डच कलाकारांच्या गटाने रंगवली. तिचा रंग मात्र टिकेना, पुढे दुरुस्ती करावी लागली. तरीही २०२३ मध्ये लिलावात तिला १२ लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

रंगामुळे आवाज बदलतो का?

ते गिटारवर अवलंबून आहे. इलेक्ट्रिक गिटारचं अंग भरीव असतं आणि तारांची कंपनं पिकअप टिपतो. त्यामुळे अंगावर चित्र काढल्याने फारसा फरक पडत नाही.

अकूस्टिक गिटारचं तसं नाही. तिची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि तीच थरथरून आवाज देते. तिच्यावर रंगाचे जाड थर चढले की आवाज दबतो. म्हणून अकूस्टिकवर चित्र मागच्या बाजूला, कडेला किंवा पिकगार्डवर काढलेलं बरं.

मिरजेत काय करतात?

हीच समज आपल्याकडे मिरजेच्या कारागिरांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्यावरची नक्षी बघा: भोपळ्याजवळ कोरलेली पानं, दांडीवर आणि तबलीच्या कडेने पट्ट्या. तबलीचा मधला भाग मात्र बहुतेकदा मोकळा. सजावटीसाठी पूर्वी हस्तिदंत वापरत. १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताच्या आणि १९९१ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. आता सेल्युलॉइड आणि प्लास्टिक वापरतात.

काम कसं होतं?

१. तारा, पिकअप, खुंट्या असं सगळं काढून ठेवतात.
२. जुन्या चकचकीत थरावर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवतात. गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही.
३. प्रायमर, मग ॲक्रिलिक रंगात चित्र.
४. शेवटी क्लिअर कोटचे पातळ थर. हा थर नसेल तर हाताच्या घामाने आणि घासण्याने चित्र उडतं.

जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असू शकतं. नव्या रंगातल्या थिनरने ते विरघळतं, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी. उरण, न्हावा शेवा, पनवेल अशा खाडीकाठच्या दमट पट्ट्यात आणखी एक अडचण येते. हवेत ओल जास्त असताना लॅकर मारलं तर थर पांढुरका पडतो. पावसाळ्यात घाई न केलेली बरी.

चित्र कोणाचं?

वाद होतो तो इथेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट ते काढून घेणाऱ्याकडे जातो. वेगळा करार असेल तरच तो चित्रकाराकडे राहतो. म्हणजे तेच डिझाइन टी-शर्टवर छापायचं असेल, तर चित्रकाराने हे काम घेतानाच लिहून घ्यायला हवं. व्हॉट्सॲपवर 'हो दादा, चालेल' एवढ्यावर काम सुरू करू नये.

मात्र कॉपीराइट गेला तरी कलम ५७ प्रमाणे 'हे चित्र मी काढलंय' असं सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे फोटो पोस्ट करताना त्याचं नाव टाका. आणि आवडत्या बँडचा लोगो किंवा सिनेमाचं पोस्टर जसंच्या तसं उतरवून अशा गिटारी विकायच्या असतील, तर मूळ मालकाची परवानगी लागते.

थोडक्यात: पुढची फळी शक्यतो मोकळी ठेवा, क्लिअर कोट टाळू नका, आणि रक्कम, मुदत व डिझाइनचा हक्क आधी लिहून घ्या.