काचेवरील पेन्सिल : स्टुडिओ-तसबिरींच्या ‘सुधारणे’ची हकीकत

बृहन्महाराष्ट्रातील जुन्या मराठी संस्थांच्या सभागृहांत संस्थापकांच्या आणि आश्रयदात्यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आढळतात. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, खुर्चीच्या हातावर विसावलेला हात, आणि चेहऱ्यावर एक प्रकारचा गुळगुळीतपणा. साठी उलटलेल्या गृहस्थाच्या कपाळावर आठी नाही, डोळ्यांखाली काळिमा नाही. हा गुळगुळीतपणा कॅमेऱ्याचा नव्हे. नेगेटिव्हच्या काचेवर टोकदार पेन्सिल चालविणाऱ्या कारागिराचे ते काम होय. छायाचित्रकाराचे नाव तसबिरीखालच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत छापलेले असे. या कारागिराचे नाव मात्र सहसा कोठे आढळत नाही. स्टुडिओच्या बोलीत त्याला ‘रिटचर’ म्हणत आणि त्याच्या कामाला ‘टचिंग’.

नेगेटिव्हवरच दुरुस्ती करण्याची ही कल्पना युरोपातली. म्युनिकचे फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात अशा सुधारलेल्या नेगेटिव्हचा नमुना मांडला आणि त्याने पाहणारे थक्क झाले, असे छायाचित्रणाचे इतिहासकार सांगतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली होती. म्हणजे ही विद्या आपल्याकडे रुजत होती तेव्हाच तिच्या पाठोपाठ तिची दुरुस्तीही येऊ घातली होती.

ही दुरुस्ती केवळ गिऱ्हाइकाची खुशामत करण्यासाठी होती, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या काळच्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. त्यांवरील रासायनिक लेपास मुख्यतः निळा व जांभळा प्रकाश कळे. तांबडा कळतच नसे. १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी लेपात रंगद्रव्य मिसळून हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची ओळख काचेला करून दिली, तरी तांबड्याविषयीचे आंधळेपण पुढे पुष्कळ वर्षे टिकले. सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, आणि स्टुडिओंतून त्या सर्रास वापरल्या जाण्यास आणखी दोन-तीन दशके लागली. परिणाम असा, की निळे लुगडे पांढुरके उमटे आणि तांबडा शालू काळा. कुंकू काळे ठिक्कर होई. गव्हाळ कातडीत तांबूस-पिवळ्या छटेचा अंश मोठा. त्यामुळे चेहरा होता त्याहून काळवंडे, आणि उन्हाने पडलेला वांग डोळ्यांना जेमतेम जाणवत असला तरी काचेवर ठळक होऊन बसे. आपली तसबीर पाहून ‘हा मी नव्हे’ असे कोणी म्हटले, तर त्याचे फारसे चुकत नसे.

रिटचरची बैठक खिडकीपाशी असे. समोर उतरते लाकडी मेज, त्यात दुधी काच, आणि खाली उजेड वर फेकणारा आरसा. नेगेटिव्ह त्या दुधी काचेवर ठेवायची. तिच्या गुळगुळीत पृष्ठावर शिसे टिकत नाही, म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळविलेल्या डामराच्या राळेचा पातळ हात फिरवून तिला किंचित खरखरीतपणा आणायचा. पेन्सिल कठीण शिशाची. वाळूकागदावर घासून तिचे टोक सुईसारखे लांब केलेले. नेगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तेथे पारदर्शक रेघ म्हणून दिसते. त्या रेघेत स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे भरीत गेले की कागदावर ती फिकी होते. फटकारे थोडे जड पडले तर चेहऱ्यावर पांढरे ओरखडे उमटत. एकाच दिशेने पडले तर गाल लाकडी दिसत. काळे करावयाचे असेल तेथे पेन्सिलीचा उपयोग नाही. तेथे धारदार पात्याने लेप हलकेच खरवडावा लागे, आणि खरवडलेले पुन्हा भरून येत नसे. कुंकू तर काचेवर डागासारखेच दिसे. नवशिका हात ते डाग समजून भरून टाकण्याची भीती असे.

या कामाला चित्रकाराचा हात लागे. माळव्यातील छायाचित्रणाचा इतिहास ज्या नावापासून सांगितला जातो ते लाला दीनदयाळ रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले, आणि १८६६ साली इंदूरला आले ते बांधकाम खात्यात, अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या नोकरीवर. छायाचित्रण त्यांनी तेथे हाती घेतले. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा त्यांना आश्रय लाभला. पुढे ते निजामाच्या दरबारी गेले, ‘राजा मुसव्विर जंग’ झाले. मुसव्विर म्हणजे चित्रकार, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत निराळा जनाना स्टुडिओ काढला, तेथील कारभार एका इंग्रज बाईंकडे होता. बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उघडले. तेथे हस्तकलांबरोबर छायाचित्रणाची साधनेही होती. दादासाहेब फाळक्यांचे कॅमेऱ्याशी सख्य जमले ते याच संस्थेत. चित्रकला आणि छायाचित्रण यांच्यातली भिंत आपल्याकडे अशी मुळातच पातळ होती. काळ्या उमटलेल्या कुंकवावर कागदी प्रतीत तांबडा ठिपका देणे, दागिन्यांवर सोनेरी रंग चढविणे, शालूचे काठ भरणे, यांत कोणालाच काही वावगे वाटले नाही. काही संस्थानी तसबिरींवर तर रंगाचा थर इतका दाट आहे की खालचे छायाचित्र शोधावे लागते.

तथापि काचेचा दोष दुरुस्त करणे कोठे संपले आणि माणूस दुरुस्त करणे कोठे सुरू झाले, ही सीमा कोणी आखलेली नव्हती. पेन्सिलीने चेहरा उजळच करता येतो. गोरेपणाची आवड असलेल्या समाजाच्या हाती हे साधन आल्यावर जे व्हायचे तेच झाले. याहून महत्त्वाची गोष्ट देवीच्या वणांची. एकोणिसाव्या शतकात देवीच्या रोगाने चेहरा खरवडलेली माणसे घरोघर होती. हिंदुस्थानातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला. तोवर हा रोग येथे मुक्कामालाच होता. असे असता भिंतींवरच्या तसबिरींत वण क्वचितच दिसतात. त्या पिढीने काय सोसले याचा एक उघड पुरावा प्रेमाने, पैसे देऊन, पुसून टाकण्यात आला. पुसणाऱ्याला दोष कसा द्यावा? मुलीच्या तसबिरीवरील वण जावेत असे बापाला वाटणे स्वाभाविकच होते.

दुसरा प्रकार मृत्यूनंतरचा. घरातील कर्त्या पुरुषाची एकट्याची तसबीर नसे. असे एखादे लग्नातले अथवा कचेरीतले समूहचित्र. त्यातील नखाएवढा चेहरा पुन्हा कॅमेऱ्यापुढे धरून मोठा करायचा, शेजाऱ्याचा खांदा झाकायचा, अस्पष्ट डोळ्यांना रेखा द्यायची, पगडी व उपरणे नव्याने काढायचे. अशा तसबिरीत निम्मा माणूस रिटचरच्या अंदाजातून आलेला असतो. पुढील पिढ्या मात्र त्याच चेहऱ्याला नमस्कार करतात, आणि शताब्दीच्या ग्रंथांतही तोच छापला जातो.

लहान फिल्म आली तेव्हा नखाएवढ्या नेगेटिव्हवर पेन्सिल चालेना. मग रंगीत लॅब आल्या आणि त्या मेजांना गिऱ्हाईक उरले नाही. आता हेच काम संगणकावर होते, आणि जुनी तसबीर ‘स्वच्छ’ करून देणारे गावोगाव आहेत. त्यात पुष्कळदा होते ते असे : डाग आणि चिरांबरोबर रिटचरचे फटकारेही पुसले जातात, वरून नवा गुळगुळीतपणा चढतो, आणि नवी प्रत चौकटीत बसली की जुना पुठ्ठा रद्दीत जातो. त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे व गावाचे नाव असते, पाठीमागे कधी शाईने लिहिलेली तिथी असते. दीनदयाळांच्या संग्रहातील अडीच हजारांहून अधिक काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे गेल्या, म्हणून त्या वाचल्या. लहान गावांतल्या स्टुडिओंच्या काचांना असे भाग्य सहसा लाभले नाही. लेप धुऊन त्या चौकटींना लावल्या गेल्या. ज्या थोड्या कपाटांत उरल्या असतील, त्यांपैकी एखादी तिरप्या उजेडात धरली, तर लेपाच्या बाजूस शिशाची चकाकी अजून दिसते. गालावर, डोळ्यांखाली, आणि कपाळावर कुंकवाची जागा सोडून.