वाटाड्याची बदली

नाशिक रोड हें नांव मुळांतच एक दिशादर्शन आहे. एकोणिसाव्या शतकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग या बाजूनें आला, तो गोदाकांठच्या शहराला न शिवतां पांच-सहा मैल अंतरावरून पुढें गेला. जेथें उतरून सडकेनें शहर गांठावयाचें, त्या स्थानकाच्या नांवापुढें 'रोड' हा शब्द लावण्याची तत्कालीन रेल्वे कंपन्यांची चाल होती. उतारू खालीं उतरला कीं पाटीच त्याला सांगे, बाबा रे, तुझें गांव अद्याप यावयाचें आहे! पुढची वाट मैलाचे दगड सांगत. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं आणि कालांतरानें मैलांचे किलोमीटर झाले. वाटाड्यांत झालेली एवढीच काय ती सुधारणा दोन-तीन पिढ्यांना ठाऊक होती. आज त्याच सडकेवर मोटारसायकलस्वाराच्या मुठीशेजारीं तळहाताएवढा पडदा उजळतो आणि पुढचें वळण दाखवितो. हा नवा वाटाड्या आला कोठून, आणि धडधाकट दिसत असतांनाच त्याची बदली कां करावी लागते, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

यंत्रानें वाट सांगावी ही कल्पना उपग्रहांहून पुष्कळ जुनी आहे. १९०९ सालीं अमेरिकेंत जोन्स नांवाच्या गृहस्थानें 'लाइव्ह मॅप' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत कागदाची एक गोल चकती बसवीत. चकतीच्या कडेनें सुमारें शंभर मैलांच्या वाटेवरील वळणें, पूल व फांटे छापलेले असत. गाडीच्या चाकाला जोडलेली एक तार ती चकती हळूहळू फिरवी, आणि कांट्याखालीं येईल ती सूचना वाचून हांकणाऱ्यानें वळावें. शंभर मैल संपले कीं दुसरी चकती. युक्ति मोठी गमतीची. पण गाडी पाणी घेण्यासाठीं जरा आडवाटेला गेली कीं चकती व सडक यांची ताटातूट होई. शिवाय रस्ता बदलला तर यंत्र कितीहि उत्तम असो, चकती रद्दीच. वाटाड्या यंत्राचें सारें दुखणें या चकतींत आहे. पुढें १९८१ सालीं जपानांत होंडा कंपनीनें मोटारीसाठीं भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें यंत्र केलें. त्यांतहि पारदर्शक नकाशे एकामागून एक हातानेंच बदलावे लागत.

खरा पालट आकाशांतून झाला. अमेरिकेच्या लष्करानें जी. पी. एस. या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडला. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड एकच गोष्ट सांगत असतात : 'मी अमुक ठिकाणीं आहे व आतां अमुक वेळ झाली आहे.' खालचें यंत्र चार उपग्रहांची वेळ ऐकतें, संदेश पोंचण्यास किती विलंब लागला हें ताडतें, आणि त्यावरून आपली जागा गणितानें काढतें. संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो. म्हणून घड्याळांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरांनीं चुकते. याकरितां उपग्रहांवर परमाणु-घड्याळें ठेवलेलीं असतात. १ सप्टेंबर १९८३ रोजीं वाट चुकलेलें कोरियाचें एक प्रवासी विमान सोव्हिएत विमानानें पाडलें. त्यानंतर अमेरिकेनें ही व्यवस्था सर्व जगाच्या नागरी उपयोगासाठीं खुली करण्याचें जाहीर केलें. तरीहि लष्कराबाहेरच्या लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळली जात असे. ती चूक शंभर मीटरांपर्यंत असे. शंभर मीटर म्हणजे बिटको चौकांतला स्वार शेजारच्या गल्लींत उभा दिसणें. २ मे २००० रोजीं ही मुद्दाम घातलेली भेसळ थांबली, आणि तेव्हांपासून हें यंत्र रस्त्यावर खऱ्या अर्थानें उपयोगी पडूं लागलें.

प्रारंभीं मोटारसायकलस्वार गिर्यारोहकांचीं किंवा नावाड्यांचीं छोटीं यंत्रें दांडीला बांधून नेत. त्यांना पाऊस, धूळ आणि विशेषतः इंजिनाची थरथर सोसत नसे. २००५ च्या सुमारास टॉमटॉमचें 'रायडर' व पाठोपाठ गार्मिनचें 'झूमो' अशीं खास दुचाकीचीं यंत्रें निघालीं : पाण्याला दाद न देणारीं, हातमोजे घालूनहि दाबतां येणारीं, उन्हांत वाचतां येणारीं. पुढें मोबाइल फोन आला आणि अनेकांनीं अशीं यंत्रें घेणेंच सोडलें. तथापि थरथरीचा प्रश्न मिटला नाहीं. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनांनीं फोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊं शकते, असा इशारा २०२१ सालीं खुद्द ॲपल कंपनीनेंच दिला. लांबच्या प्रवासाला निघणारे स्वार स्वतंत्र यंत्र अजून बाळगतात, तें उगीच नव्हे.

असें यंत्र जुनें होतें म्हणजे काय होतें? पडदा शाबूत असतो, विजेरी बदलतां येते. जुना होतो तो आंतला काळ आणि आंतला नकाशा.

काळाची गोष्ट अशी. जी. पी. एस. चे उपग्रह तारीख सांगत नाहींत, ६ जानेवारी १९८० पासूनचा आठवडा सांगतात. आणि मूळच्या रचनेंत आठवडे मोजण्यास ० ते १०२३ एवढेच आंकडे ठेवले होते. १०२४ आठवडे, म्हणजे सुमारें एकोणीस वर्षें आठ महिने भरले कीं गणना पुन्हां शून्यावर येते. तें ऑगस्ट १९९९ मध्यें एकदां झालें आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्रीं दुसऱ्यांदां. ज्या जुन्या यंत्रांना ही फेरी ओळखतां येत नाहीं तीं एकदम वीस वर्षें मागें जातात. त्यांतलीं कित्येक जागा बरोबर दाखवितात, पण तारीख व पोंचण्याची वेळ भलतीच सांगतात. कांहीं तर मुकाट्यानें बंद पडतात. कारखानदारानें सुधारलेली आज्ञावली दिली असेल तर यंत्र वांचतें. नसेल तर नवें घेण्यावांचून गत्यंतर नाहीं.

नकाशाची गोष्ट नाशिक रोडच्या माणसाला अधिक जवळची आहे. येथून चेहेडीला दारणा ओलांडून सिन्नरकडे जाणारा पुणें रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० म्हणून ओळखला जाई. २०१० च्या नव्या क्रमवारींत तो ६० झाला. २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें, २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर. जुन्या यंत्राला नवें नांव विचारलें तर तें गप्प बसतें. आणि याच मुदतींत सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. शिर्डी ते भरवीर २६ मे २०२३ ला, भरवीर ते इगतपुरी ४ मार्च २०२४ ला, आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा भाग ५ जून २०२५ ला. ७०१ किलोमीटरांची ही सडक, पण २०२२ पूर्वींच्या नकाशाला तेथें नुसती शेतें दिसतात.

येथें एक मोठा बारकावा आहे. समृद्धि महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून नवा नकाशा घातलेलें, पण मोटारीसाठीं लावलेलें यंत्र सिन्नरच्या पुढें गेलेल्या स्वाराला बेधडक त्या महामार्गाच्या तोंडाशीं नेऊन उभें करतें. तेथून मागें फिरावें लागतें; आणि कोणी न फिरतां तसाच आंत घुसला, तर ताशीं शंभराहून अधिक वेगानें धांवणाऱ्या मोटारींमध्यें त्याचा जीव टांगणीला लागतो. गूगलच्या नकाशांत दुचाकीची वेगळी वाट भारतांत डिसेंबर २०१७ मध्यें प्रथम आली, ती या दृष्टीनें मोलाची होय. यंत्र बदलतांना पडद्याची रुंदी पाहण्याअगोदर 'वाहन कोणतें' हा रकाना पाहावा, असें जाणते स्वार सांगतात तें अगदीं खरें आहे.

यंत्रांबरोबर 'आजीवन नकाशे' देण्याची प्रथा पडली आहे. हें आयुष्य धन्याचें नव्हे, यंत्राचें. आणि यंत्राचें आयुष्य किती हें ठरविणारा कारखानदारच. शिवाय नवे नकाशे वर्षागणिक फुगत जातात व जुन्या यंत्राच्या स्मरणकोशांत मावेनासे होतात. मग बदली येते. जुन्या यंत्रांतील खुणेचीं ठिकाणें नव्यांत नेतां येतात, कारण तीं अक्षांश-रेखांशांत लिहिलेलीं असतात. पण दोन ठिकाणांमधली वाट नवें यंत्र आपल्या नकाशावर नव्यानें आंखतें आणि ती मागच्या खेपेची निघेलच असें नाहीं. ज्याला जुनीच वाट हवी त्यानें नुसते थांबे न नेतां प्रत्यक्ष चाललेल्या वाटेची रेघ न्यावी लागते. बैठकहि बहुधा जुळत नाहीं. गाडीच्या विजेरीची १२ व्होल्टची वीज यंत्राजोगी ५ व्होल्ट करणारी जोडणी नवीन लागते, तिच्या तारेंत फ्यूज हवा, आणि ती किल्लीच्या खटक्यामागून घ्यावी. थेट विजेरीला जोडली तर उभ्या गाडीची विजेरी उतरते.

वरचे उपग्रहहि याच नियमांतून सुटलेले नाहींत. परक्यांच्या घड्याळावर किती दिवस विसंबावें, या विचारानें भारतानें २००६ सालीं स्वतःची व्यवस्था मंजूर केली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं गेला व २०१६ सालीं तिला 'नाविक' हें नांव मिळालें. परंतु त्या पहिल्या उपग्रहावरचीं युरोपांतून आणलेलीं तीनहि परमाणु-घड्याळें बंद पडलीं. त्याच्या बदलीसाठीं ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं पाठविलेला उपग्रह अग्निबाणाचें टोपण न उघडल्यामुळें वायां गेला. दुसरा १२ एप्रिल २०१८ रोजीं पोंचला. २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या एन. व्ही. एस.-०१ या उपग्रहावर प्रथमच देशांत घडविलेलें परमाणु-घड्याळ बसविलें होतें. साध्या लहान यंत्रांना ऐकूं येईल अशा लहरींवरहि बोलणारा तो नाविकचा पहिला उपग्रह. त्याच्या पाठचा एन. व्ही. एस.-०२ हा २९ जानेवारी २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघाला खरा, पण वरच्या कक्षेंत चढण्यासाठीं इंजिनाला लागणारी एक झडप उघडली नाहीं आणि तो नेमल्या जागीं पोंचला नाहीं.