माडी, उराक आणि सोलकढी

वैशाखाचें ऊन तापूं लागलें आणि देवगडच्या किनाऱ्यावर निखाऱ्यांत बांगडा भाजूं लागला, कीं त्याबरोबर काय प्यावें, हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. भाजलेला मासा तेलकट, खारट व तिखट. त्यापुढें उग्र पेय ठेवल्यास माशाची चवच मरते. आंबटगोड, हलकें पेय मात्र जिभेवरील स्निग्धता धुऊन काढतें. कोंकणानें या प्रश्नाचीं तीन उत्तरें शोधलीं.

त्यांपैकीं माडी फार जुनी. माडाची न उमललेली पोय बांधून व हलकेच ठेंचून तिचें टोंक रोज कापतात. खालच्या मडक्यांत रस ठिबकतो. मडक्यास आंतून चुना लावला असल्यास रस गोड राहतो, तीच नीरा. एरव्हीं तो कांहीं तासांत आंबतो, त्यांत सुमारें ४ ते ५ टक्के मद्यांश उतरतो आणि पुढें त्याचा शिरका होतो. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथांत या रसास ‘सुरा’ म्हटलें असून तिच्यापासून काढलेल्या अर्काचाहि उल्लेख आहे.

उराक हें दुसरें उत्तर. काजू मूळचा ब्राझील देशाचा. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तो इकडे आणला. बोंडांचा आंबवलेला रस एकदां भट्टींतून काढला म्हणजे उराक होतो. तो फळाच्या वासाचा व फेणीहून पुष्कळ सौम्य असतो; परंतु टिकाऊ नसल्यानें हंगामांतच प्यावा लागतो. पुनः भट्टी लाविली कीं फेणी. गोव्याच्या काजू फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

परंतु निवड केवळ जिभेच्या हातीं राहिली नाहीं. माडावर चढणें हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें माडी काढण्यास परवाना लागूं लागला आणि झाडामागें कर बसला. ज्याच्या अंगणांत माड, त्यालाच त्याच्या रसासाठीं सरकारचें तोंड पाहावें लागलें. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्या वेळीं देवगड रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं झाला. सरहद्दीपलीकडे पोर्तुगीज अंमलांतील गोव्यांत हा कायदा नव्हता. एकाच किनाऱ्यावर, एकाच माशाबरोबर, इकडे जें गुन्हा ठरलें तें तिकडे उघड्यावर चालत राहिलें.

या सर्व घालमेलींत सोलकढीस कोणी हात लाविला नाहीं. आमसुलाचा आंबटपणा व नारळाच्या रसाची सौम्यता यांनीं ती माडीचेंच काम करते, आणि नशा मात्र देत नाहीं. शिवाय ज्या पोयीची माडी काढली, तिला नारळ धरत नाहींत. म्हणजे माडी कीं सोलकढी, हा निवाडा ताटावर बसण्याच्या कितीतरी आधीं माडाच्या शेंड्यावर होतो. आणि पोयीवर कोयता चालवावा कीं नाहीं, हें त्या घराची भूक, कर आणि कायदा मिळून ठरवीत आले आहेत.