प्रवरेचं तांबूस पाणी आणि ऊन: नदीत विरघळलेला पाला काय काम करतो?

पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या जंगलातल्या एखाद्या ओढ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बघा. गाळ खाली बसला तरी कधी कधी हलकी तांबूस छटा राहते, कोऱ्या चहासारखी. तो एका अर्थी चहाच आहे. कुजलेला पाला, साली, मुळं आणि माती यांचा पाण्यात उतरलेला अर्क. याला 'विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य' म्हणतात. ०.४५ मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण शंभराव्या भागाइतक्या छिद्रांतून जे गाळून खाली येतं, ते विरघळलेलं असं मानायची पद्धत आहे.

प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडते आणि पुढे अकोले, संगमनेर करत टोक्याजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिथून पुढे नाथसागर. अशा कुठल्याही नदीत वाटेवर सांडपाणी, शेतातली कीटकनाशकं, माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांचे अंश मिसळत जातात.

यातली बरीच रसायनं स्वतः ऊन शोषत नाहीत, त्यामुळे नुसत्या उन्हाने मोडत नाहीत. इथे पाल्याचा अर्क मध्यस्थ होतो. त्याचे रेणू अतिनील आणि निळा प्रकाश शोषून उत्तेजित होतात. काही वेळा ते थेट प्रदूषकावर तुटून पडतात, काही वेळा ती ऊर्जा पाण्यातल्या ऑक्सिजनला देतात. मग 'सिंगलेट ऑक्सिजन' तयार होतो. तो पाण्यात जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारचा रेणू मोडू शकतो. हायड्रॉक्सिल रॅडिकल त्याहून आक्रमक, समोर येईल त्याला धरतो. गंमत म्हणजे खतातून आलेलं नायट्रेटही उन्हात हाच रॅडिकल बनवतं.

पण तोच अर्क उन्हाला आडही येतो. गिधाडांच्या मृत्यूमुळे २००६ साली भारतात जनावरांसाठी बंदी आलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक स्वतःच प्रकाश शोषून मोडतं. स्वित्झर्लंडच्या ग्रायफेन तलावात ते प्रामुख्याने उन्हानेच नाहीसं होतं, असं १९९८ मध्ये दिसून आलं. अशा औषधाला गडद पाणी म्हणजे सावलीच. शिवाय हे सगळं वरच्या थरात चालतं. पुराच्या गढूळ पाण्यात जवळपास बंदच. आणि मोडणं म्हणजे निर्विष होणं नव्हे: साबणांत वापरलं जाणारं ट्रायक्लोसान उन्हात मोडताना एका प्रकारचं डायॉक्सिन तयार होऊ शकतं.

अहिल्यानगर हा साखरेचा जिल्हा, म्हणून आणखी एका तपकिरी पाण्याबद्दल बोलायलाच हवं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याचा रंग मुख्यतः मेलॅनॉइडिनचा, साखर करपताना येतो तशा जातीचा. प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशचा बीओडी (जिवाणूंना तो पचवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे ३०. म्हणून डिस्टिलरीतून काहीही बाहेर न सोडण्याचा नियम आहे. रंग पाल्याच्या अर्काशी मिळताजुळता असला, तरी असं पाणी नदीत आलं तर ऊन आत शिरत नाही आणि ऑक्सिजन संपून मासे मरतात.

राहिला नळ. अहिल्यानगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं. धरणाच्या पाण्यात थोडं सेंद्रिय द्रव्य असतंच, आणि क्लोरीनशी संयोग होऊन त्यातून क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन बनतात. हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं. म्हणून शुद्धीकरण केंद्रात आधी तुरटीने शक्य तितकं सेंद्रिय द्रव्य खाली बसवतात आणि मुख्य क्लोरीन नंतर देतात. घरी टँकरचं किंवा विहिरीचं पाणी वापरत असाल तर हाच क्रम ठेवा: आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या, मग क्लोरीनचे थेंब टाका. या भीतीने क्लोरीन मात्र टाळू नका. कॉलरा आणि काविळीचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.