हौशी रेडिओ संचातील फेरफार: परवानगी कुठे, गुन्हा कुठे?

अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झचा ‘सिटिझन्स बँड’ १९५८ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झाला. १९७७ पासून त्यावर ४० चॅनेल आहेत. आता त्यासाठी परवाना लागत नाही. मात्र एएम प्रक्षेपणाची कमाल शक्ती ४ वॅट असून, संच फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने प्रमाणित केलेलाच असावा लागतो. त्याच्या प्रक्षेपकात अंतर्गत बदल करण्यास मनाई आहे.

हौशी रेडिओचे, म्हणजेच ‘हॅम’चे, तत्त्व नेमके उलट आहे. तेथे परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. पण परवानाधारक स्वतः संच बांधू शकतो, त्यात बदलही करू शकतो. सिटिझन्स बँडवर विश्वास यंत्राच्या प्रमाणपत्रावर, तर हॅममध्ये व्यक्तीच्या ज्ञानावर ठेवलेला असतो.

सिटिझन्स बँड २७.४०५ मेगाहर्ट्झला संपतो आणि हौशींचा दहा मीटर पट्टा २८ मेगाहर्ट्झला सुरू होतो. अंतर इतके थोडे असल्याने, काही हॅम संचांतील एखादी तार कापताच ते सिटिझन्स बँडवरही प्रक्षेपण करू लागतात. असे प्रक्षेपण बेकायदा आहे. हौशी परवाना त्याला संरक्षण देत नाही. सहज बदलता येणाऱ्या अशा अप्रमाणित संचांची विक्रीही नियमभंग ठरते. दंड आणि संचाची जप्ती, दोन्ही संभवतात.