पद्मिनीचं बॉनेट कोण उघडणार?

जुनी गाडी स्वतः दुरुस्त करावी की गॅरेजला द्यावी? पद्मिनीचा इतिहास पाहिल्याशिवाय मला तरी हा वाद कळत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायची, १९७४ मध्ये तिचं 'प्रीमियर पद्मिनी' असं बारसं झालं. १०८९ सीसी इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट्स. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, म्हणून आहे तीच जपायची. पॉइंट्सवर काजळी आली की पॉलिश पेपरने घासा, फीलर गेजने गॅप लावा... रविवार सकाळचं काम. म्हणजे अख्खा सोर्स कोड उघडाच की!

ब्रेक मात्र गॅरेजलाच द्यावेत, तिथे हौस नको. आणि पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्यात पाप वगैरे काही नाही.

असो. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं, तरी टॅक्सीवाल्यांमुळे पार्ट्स आणि मिस्त्री टिकून होते. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ची; वीस वर्षांची वयोमर्यादा संपून तीही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. माझ्या ओळखीचे फियाटवाले मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. नुसत्या आवाजावरून टायमिंग लावतात. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.