रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

स्मरणिकेसाठी परदेशप्रवासावर काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणणार होते. मुलगी न्यू जर्सीला असते, म्हणून मी दोनदा अमेरिकेला जाऊन आले, हे खरे. पण नायगाऱ्याचा धबधबा, उंच इमारती आणि तिथल्या दुकानांतली भाजी यांची वर्णने आपल्या मंडळात इतक्या जणींनी सांगून झाली आहेत की, त्यांत मी नवी भर काय घालणार? नकार कळवावा म्हणून बसले आणि एक जुनी रुखरुख मनात जागी झाली. ती सांगावी म्हणून हा लेख.

मुलीच्या घरापासून फिलाडेल्फिया शहर मोटारीने दोन तासांवर आहे. दोन्ही खेपेस आम्ही तिथे गेलो. तडा गेलेली ती प्रसिद्ध स्वातंत्र्यघंटा पाहिली, फोटो काढले, बरोबर नेलेला डबा खाल्ला आणि परतलो. याच शहरात १८८६ सालच्या मार्च महिन्यात दोन मराठी स्त्रिया एकमेकींना भेटल्या होत्या, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते. घरी परतल्यावर पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक हाती आले आणि ते वाचता वाचता मला माझी लाज वाटली. ज्या रस्त्यांवरून मी डबा घेऊन फिरले, त्याच शहरात ही बाई डोळे उघडे ठेवून हिंडली होती, आणि तेही सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी.

रमाबाईंचे आयुष्य आपल्यापैकी पुष्कळ जणींना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात सांगते. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. आईवडील गेल्यावर भावाबरोबर पायी भारत फिरून रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. १८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, आम्हांला स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात, असे ठणकावून सांगितले.

आर्य महिला समाजाचे साल लक्षात ठेवावे, असे मला वाटते. बायकांनी एकत्र जमून काही काम करावे, ही कल्पना त्यांनी विलायतेहून उसनी आणली नाही. ती इथूनच घेऊन त्या गेल्या.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याचा बेत होता, पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या, शिकवीतही होत्या. तेथे असताना फिलाडेल्फियाहून बोलावणे आले. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांच्या दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. त्या समारंभाला यावे, असे महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडले यांनी लिहिले होते.

फेब्रुवारीतला अटलांटिक महासागर, बोटीचा प्रवास आणि बरोबर पाच वर्षेही पुरी न झालेली मुलगी. लिव्हरपूलहून निघून मायलेकी मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिलाडेल्फियास पोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्यांना एकविसावे वर्ष पुरे व्हायला तेव्हा वीस दिवस कमी होते. समारंभाला जमलेल्या त्या परक्या लोकांत एक मराठी मुलगी पदवी घेते आहे आणि दुसरी मराठी स्त्री ते पाहते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला अजून भरून येते. आनंदीबाई त्याच वर्षी परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. रोगी तपासायला एक वर्षही त्यांच्या वाट्याला आले नाही.

समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई मात्र अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. मनोरमेला त्यांनी इंग्लंडला परत पाठवले. लहान लेकराला दूर ठेवून काम करणे त्यांना किती जड गेले असेल, हे आपणा बायकांना सांगायला नको. त्या काळात त्यांनी लहान मुलांच्या किंडरगार्टन शाळांची पद्धत शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत प्रवास केला. अंगावर पांढरे लुगडे, आहार शाकाहारी. धर्म बदलला तरी या गोष्टी बदलल्या नाहीत. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. ते अमेरिकन वाचकांसाठी होते. परत आल्यावर, १८८९ च्या डिसेंबरात, अमेरिकेवरचे पुस्तक निघाले ते मराठीत. आपले घर त्यांना समजावे म्हणून त्यांच्या भाषेत, आणि त्यांचे घर आपल्याला समजावे म्हणून आपल्या भाषेत. असा दोन्ही तीरांवर उभा राहणारा प्रवासी विरळाच.

हे पुस्तक प्रवासवर्णन म्हणून हाती घेणारी वाचक जरा चकित होते. बोटीचा प्रवास सुरुवातीला येतो, पण पुढे राज्यव्यवस्था, समाजस्थिती, घरची स्थिती, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम अशी प्रकरणे आहेत. एखादी सून नव्या घरी गेल्यावर आधी दिवाणखाना पाहत नाही. पाणी कुठून येते, कोठीत काय आहे, घरात शब्द कुणाचा चालतो, हे पाहते. रमाबाईंनी देश तसा पाहिला. त्या काळी आपल्याकडचे शिकलेले लोक जगाकडे पाहत ते इंग्लंडच्या खिडकीतून. रमाबाईंनी मुद्दाम दुसरी खिडकी उघडली. इंग्रजांचे राज्य १७७६ साली झुगारून देणारा, राजा नसलेला देश चालतो तरी कसा, हे मराठी वाचकांपुढे मांडण्यात त्यांचा हेतू उघड आहे. पुस्तक निघाले त्याच महिन्यात मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात प्रथमच स्त्री-प्रतिनिधी बसल्या होत्या आणि रमाबाई त्यांत होत्या.

स्त्रियांच्या स्थितीचे प्रकरण मी दोनदा वाचले. त्यांच्या मनात भरल्या त्या तेथील बायकांच्या संस्था. ओहायो प्रांतातल्या साध्या गृहिणी १८७३-७४ च्या हिवाळ्यात दारूच्या गुत्त्यांपुढे जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या आणि मालकांना दुकाने बंद करायला विनवू लागल्या. त्यातून १८७४ साली स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यपाननिषेधक संघ उभा राहिला. फ्रान्सिस विलर्ड या त्याच्या अध्यक्षा रमाबाईंच्या स्नेही झाल्या. दारूपायी ज्यांचे घर मोडते त्यांनीच ती थांबवायला निघायचे, ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातही गावोगावच्या बायकांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केलेली आपण वर्तमानपत्रांत वाचली आहेच.

पैशाची गोष्ट तर मला सर्वांत बोधप्रद वाटते. विधवांसाठी शाळा काढण्याची रमाबाईंची योजना ऐकून १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे शाळेचा खर्च चालवण्याचे तिने पत्करले. हा पैसा एखाद्या कुबेराच्या एका चेकाने उभा राहिला नाही. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि सभासदांनी वर्षाला डॉलर-डॉलर वर्गणी दहा वर्षे देण्याचे वचन दिले. सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या मुलींसाठी! वर्गणीची वही घेऊन दारोदार जाताना ज्या आपल्या खजिनदारबाईंना ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर ऐकावे लागते, त्यांना या डॉलरची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पण रमाबाई दिपून गेल्या नाहीत. मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या, काळ्या लोकांची गुलामगिरी कशी होती आणि ती कायद्याने संपल्यावरही कातडीच्या रंगावरून माणसाला दूर लोटण्याची रीत कशी उरली, हे त्यांनी आपल्या वाचकांपासून लपवले नाही. जातिभेदाचे चटके खाल्लेल्या बाईला दुसऱ्या घरचा भेद ओळखायला वेळ लागत नाही. तेथील बायकांचे कंबर आवळणारे पोशाख आणि टोप्यांवर मेलेले पक्षी खोचण्याची तेव्हाची फॅशन, याही त्यांना रुचल्या नाहीत. आणि मतदानाचा हक्क? वायोमिंगसारख्या एखाद-दुसऱ्या प्रदेशाचा अपवाद सोडला तर तो त्या शिकल्यासवरल्या अमेरिकन बायकांनाही नव्हता. देशभर तो मिळायला १९२० साल उजाडले. आपल्याला मात्र १९५० च्या राज्यघटनेने स्त्रीपुरुष भेद न करता तो दिला, हे सांगताना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा.

एका बाबतीत माझे रमाबाईंशी जुळत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीची प्रगती सांगताना त्यांचा सूर काही ठिकाणी फारच भरून येतो. त्यांना घरी बोलावणाऱ्या, सभा भरवणाऱ्या बायका बहुतेक सुस्थितीतल्या होत्या. पाहुणीला घराची पुढची बाजू अधिक दिसते, मागचे अंगण कमी. पण मग वाटते, त्यांनी हे कुणासाठी लिहिले? मुलीच्या हाती पाटी देणे हे पाप समजणाऱ्या घरांसाठी. अशा घरात ‘तिकडे हे होते आहे, म्हणजे इकडेही होऊ शकते’ एवढे सांगायचे, तर आवाज थोडा चढणारच.

१८८८ च्या नोव्हेंबरात त्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपान, हाँगकाँगमार्गे १ फेब्रुवारी १८८९ रोजी मुंबईस उतरल्या. पुढे सहा आठवडेही लोटले नाहीत, तोच चौपाटीजवळ शारदासदन उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. तारीख होती ११ मार्च. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. हा योगायोग की मनात धरलेला दिवस, हे वाचकांनीच ठरवावे. शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. त्याच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ काढले. त्यांत शिकून किती घरांतल्या किती लेकी पायांवर उभ्या राहिल्या! त्या दिव्यांना पेटवणारी एक वात शारदासदनातून आली होती.

मग हे नाव आपल्या घरांत का ऐकू येत नव्हते? माझ्या आजीपुढे कुणी रमाबाईंचे नाव काढले, तर ती एवढेच म्हणे, “ती बाटली हो,” आणि विषय संपे. शारदासदनातल्या मुलींना ख्रिस्ती करतात, असा वाद १८९३ साली भडकला, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. धर्मांतराचा प्रश्न त्या काळी साधा नव्हता. लोकांच्या मनातली भीती सगळीच खोटी होती, असेही मी म्हणणार नाही. पण त्या रागात आपण पुस्तकही कपाटात बंद करून टाकले, हे नुकसान आपलेच. रमाबाई पुढे केडगावला गेल्या, दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना त्यांनी आसरा दिला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिथेच देह ठेवला. मीरा कोसंबी यांनी हे प्रवासवृत्त इंग्रजीत आणले ते २००३ साली. आपल्या भाषेतले आपले पुस्तक परक्या भाषेत आधी वाचणाऱ्या मुली आज आहेत.

आजी बिचारी शिकलेली नव्हती. तिची सही करायची वही माझ्याजवळ आहे. म्हातारपणी ती सही शिकली, आणि शिकवणाऱ्या बाई कर्व्यांच्या संस्थेतल्या होत्या. जिचे नाव ती घेऊ देत नसे, तिच्याच उपकाराचा एक धागा असा तिच्या बोटांपर्यंत पोचला होता. हे तिला सांगायला मला फार उशीर झाला.

आपल्यापैकी अनेक जणी यंदाही लेकीसुनांकडे परदेशी जातील. खुशाल जावे, धबधबाही पाहावा. पण एक दिवस तिथल्या गावचे वाचनालय कोण चालवते, शाळेच्या समितीवर बायका किती, म्हाताऱ्यांची सोय कुणी केली, हेही विचारून यावे, आणि पुढच्या स्मरणिकेत ते लिहावे. मी तिसऱ्यांदा गेले तर फिलाडेल्फियास पुन्हा जाणार आहे. घंटा एकदा पाहिली ती पुरे. त्या दोघी जिथे भेटल्या, ते ठिकाण विचारीत जाईन म्हणते.